हुगळी ते सीना : अमेरिकन मराठी मिशनची वाटचाल, कबरींच्या आधारे

खिदिरपूरची आजची गोदी १८९२ साली सुरू झाली. त्याआधीच्या काळात खिदिरपूर ओळखलं जाई ते जहाजं बांधणाऱ्या कीड घराण्याच्या कारखान्यामुळे. समुद्रावरून कोलकात्याला जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला हुगळीच्या याच वळणावरून वर सरकावं लागे. डाव्या हाताला शिबपूरची वनस्पतीबाग, उजव्या हाताला गार्डन रीचचे बंगले, मग खिदिरपूर. १८१२ च्या जूनमध्ये या वाटेने ‘कॅरव्हॅन’ नावाचं दोन डोलकाठ्यांचं अमेरिकी जहाज आलं आणि १७ जूनला कोलकात्याला लागलं. त्यावर दोन तरुण जोडपी होती : अ‍ॅडोनिरम आणि अ‍ॅन जडसन, सॅम्युएल आणि हॅरिएट न्यूएल. हॅरिएटचं वय अठरा. महाराष्ट्रात पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून जी संस्था उभी राहिली, तिची सुरुवात या वळणावर झाली. मुंबईशी किंवा मराठीशी तेव्हा यांपैकी कुणाचाच संबंध नव्हता.

अमेरिकी जहाज कोलकात्याला येणं यात नवल काही नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराचे व्यापारी वर्षानुवर्षं इथून कापड, साखर आणि नीळ भरून नेत. त्यांचा सगळा व्यवहार पाहणारे बंगाली व्यापारी रामदुलाल दे यांना अमेरिकी मित्रांनी १८०१ साली जॉर्ज वॉशिंग्टनचं तैलचित्र भेट पाठवलं होतं. पण व्यापारी वेगळा आणि धर्मोपदेशक वेगळा. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर कंपनी सरकारला मिशनऱ्यांचं वावडं होतं, आणि परक्या देशाचा मिशनरी म्हटल्यावर तर जास्तच. त्यात योग असा की ‘कॅरव्हॅन’ पोहोचलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. ही बातमी कोलकात्याला यायला काही महिने लागले, पण मंडळींना ‘ज्या जहाजाने आलात त्याच जहाजाने परत जा’ असा हुकूम त्याआधीच मिळाला होता.

त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला सेलमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना एकत्र दीक्षा मिळाली होती. जडसन आणि न्यूएल, आणि त्यांच्या मागोमाग ‘हार्मनी’ जहाजाने ऑगस्टमध्ये कोलकात्याला आलेले गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस. १८१० साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन बोर्ड’ने परदेशी पाठवलेली ही पहिली तुकडी. पाचही जण एकाच पंथाचे, एकाच संस्थेचे, एकाच पगारावरचे. कोलकात्यात पाय ठेवल्यापासून त्यांच्या वाटा फुटायला लागल्या. जडसन यांनी सेरामपूरच्या बॅप्टिस्ट मंडळींजवळ राहून पंथ बदलला आणि सप्टेंबरमध्ये लाल बाजारच्या चॅपेलमध्ये बाप्तिस्मा घेतला. राइस यांनीही तोच रस्ता धरला. संस्थेच्या दृष्टीने पहिल्या वर्षातच पाचातले दोन गेले, आणि ते कुणाच्या हुकमाने नव्हे, स्वतःच्या मनाने.

न्यूएल जोडपं ऑगस्टमध्ये मॉरिशसला निघालं. तेव्हा हॅरिएट गरोदर होती. बाळ वाटेत जहाजावरच जन्मलं आणि जहाजावरच गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई इथे हॅरिएटही क्षयाने वारली. वय एकोणीस. या मिशनची पहिली कबर ती, आणि ती भारतात नाहीच. ती मॉरिशस बेटावर आहे. हॅरिएटच्या पत्रांचं आणि रोजनिशीचं पुस्तक १८१४ मध्ये अमेरिकेत निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. न्यू इंग्लंडच्या घराघरांतल्या मुली ते वाचत. मिशनला पैसे मिळाले, माणसं मिळाली. जिने एक दिवसही शाळा चालवली नाही, मराठीचा एक शब्द ऐकला नाही, तिच्या मरणावर मराठी मिशनचा पाया उभा राहिला असं म्हटलं तर फारसं चूक नाही. मला या गोष्टीचा थोडा राग येतो. तिच्याबद्दल नव्हे, मरणाची अशी जमाखर्चात नोंद करून घेणाऱ्या संस्थांच्या सवयीबद्दल.

हॉल आणि नॉट यांना कोलकात्याहून थेट इंग्लंडला पाठवण्याचा बेत होता. ते गुपचूप मुंबईच्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन बायबल सोसायटीशी संबंध असलेले, मनाने सहानुभूती असलेले. पण वरून येणारे हुकूम तेही मोडू शकत नव्हते. मध्येच दोघे कोचीनकडे निसटले, त्यांना परत आणवलं गेलं, अर्ज-विनंत्या झाल्या. हॉल यांनी गव्हर्नरांना लिहिलेली शेवटची विनवणी मिशनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तेवढ्यात १८१३ चा सनदी कायदा आला, मिशनऱ्यांना हिंदुस्थानात राहण्याची कायदेशीर सोय झाली, आणि हद्दपारीचं प्रकरण तिथेच थंडावलं. न्यूएलही एकटे श्रीलंकेवरून येऊन त्यांना मिळाले. अमेरिकेचं परदेशातलं पहिलं मिशन मराठी मुलखात स्थिर झालं ते असं, कोलकात्यात दार बंद झाल्यामुळे.

१८१५ साली पहिली शाळा निघाली. शिक्षक बहुतेक हिंदू, काही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. कोकण किनाऱ्यावरच्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायल मुलांना लिहितं-वाचतं करण्यात या शाळांचा मोठा वाटा आहे. १८२४ साली मुलींची शाळा निघाली. पण खरी रंगतदार गोष्ट आहे ती छापखान्याची.

१८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल आले. त्यांना छपाईचं काम येत होतं. नागरी खिळे मागवले ते कोलकात्याहून. ज्या शहराने या लोकांना हाकललं, त्याच शहराच्या खिळ्यांनी मार्च १८१७ मध्ये मुंबईत त्यांची आठ पानांची मराठी पुस्तिका छापली. बंगाली कारागिरांच्या हाताखालून आलेली ती नागरी जाड आणि ठसठशीत. एका पानावर मजकूर मावायचा थोडाच. मग मिशनच्या छापखान्यातच अक्षर लहान आणि सुबक करण्याची खटपट सुरू झाली. लहानपणी उमेदवार म्हणून छापखान्यात आलेले टॉमस ग्रॅहॅम पुढे त्या कामात तरबेज झाले. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतायचा, खिळा निघाला की घासायचा. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरली की शेकडो खिळे. १८२६ साली पूर्ण झालेला मराठी नवा करार याच छापखान्यातला.

आता त्याची पुढची शाखा पाहा. गिरगावातले भंडारी समाजाचे गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन छापखाना पाहिला आणि आपणही असं काही करावं हे त्यांच्या डोक्यात बसलं. यंत्र स्वतः घडवलं, शाई स्वतः केली आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढलं. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या पुस्तकात ही हकिकत आली आहे. सोवळ्यातल्या लोकांनी आधी छापलेल्या कागदाला हात लावायला नकार दिला, मग हळूहळू तेच पंचांग घरोघरी गेलं. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले होते. पुढे निर्णयसागरने वेद, पुराणं, काव्यं ज्या देखण्या नागरीत छापली तिच्यामागे ग्रॅहॅमच्या हाताखालची ती उमेदवारी आहे. मूर्तिपूजा बंद पाडायला आलेल्या छापखान्यातून शिकून गेलेल्या माणसांनी हिंदू धर्मग्रंथांची सर्वांत शुद्ध छपाई केली. मिशनच्या अहवालांत हे यश म्हणून कुठे नोंदवलं जाणं शक्य नव्हतं, पण मला विचाराल तर पहिल्या पन्नास वर्षांतलं मिशनचं सर्वांत टिकाऊ काम हेच.

बंगालमधून खिळे आले तशी पटकीही आली. १८१७ मध्ये जेसोरकडे उसळलेली साथ वर्षभरात मुंबईपर्यंत पोहोचली आणि मिशनच्या कबरींचा पुढचा हिशोब तिनेच लिहिला. ३० मे १८२१ रोजी सॅम्युएल न्यूएल मुंबईत पटकीने गेले. हॅरिएटची कबर पोर्ट लुईला, सॅम्युएलची मुंबईत. मध्ये सगळा हिंदी महासागर.

गॉर्डन हॉल यांच्या शेवटाची हकिकत त्यांच्याबरोबरच्या दोन ख्रिस्ती पोरांनी सांगितली म्हणून आपल्याला माहीत आहे. १८२५ मध्ये मुलांची प्रकृती ढासळली म्हणून पत्नी मार्गारेट मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या होत्या. हॉल मागे एकटे राहिले. मार्च १८२६ मध्ये ते नाशिकला गेले. तिथे पटकीचा कहर चालला होता. जवळ होतं तेवढं औषध वाटून संपवलं आणि परतीची वाट धरली. १९ मार्चच्या रात्री एका खेड्यातल्या देवळाशी मुक्काम केला. तिथेही आजारी माणसं पडलेली होती. पहाटे चारच्या सुमारास त्यांना स्वतःला ओकारी आणि जुलाब सुरू झाले. औषध आता उरलं नव्हतं. त्यांनी पोरांना आपलं घड्याळ कुणाला द्यायचं, घरी काय कळवायचं ते सांगितलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. वय एकेचाळीस. पोरांनी खड्डा खणला, पेटी कुठून आणणार, कांबळ्यात गुंडाळून मूठमाती दिली. देवळाच्या आसऱ्याला मरण, आणि मूठमाती द्यायला दोन मराठी पोरं. सेलमच्या चर्चमध्ये दीक्षा घेताना असा शेवट कुणाच्या स्वप्नातही नसेल. तेरा वर्षांच्या कामानंतर धर्मांतरित माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

सेलमच्या त्या पाचांचा हिशोब इथेच पुरा करून टाकू. नॉट आजारी पडून १८१५ मध्येच परतले आणि १८६९ पर्यंत जगले. राइस अमेरिकेत बॅप्टिस्ट मिशनसाठी पैसे गोळा करत हिंडले आणि १८३६ मध्ये दक्षिण कॅरोलायनात वारले. जडसन ब्रह्मदेशात गेले, बायबल बर्मीत आणलं, तुरुंग भोगला आणि १८५० मध्ये बंगालच्या उपसागरात जहाजावरच गेले. त्यांना पाणीच मिळालं. जगप्रसिद्ध झाले ते जडसन. आपल्या मुलखातल्या हॉलना इकडे कुणी ओळखत नाही.

हॉल गेल्यावर मिशन मुंबईपुरतं राहील असं वाटत होतं, पण डिसेंबर १८३१ मध्ये अ‍ॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वे घाट चढून अहमदनगरला आले. बरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती होते. पुढल्याच वर्षी मे महिन्यात हर्वे पटकीने गेले; १८३३ मध्ये बाबाजीही त्याच रोगाने. रीड यांनी बाबाजींचं चरित्र १८३६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलं. ग्रेव्ह्ज यांची प्रकृती नगरला मानवेना, ते महाबळेश्वरला राहून भाषांतराचं काम करत राहिले आणि १८४३ मध्ये तिथेच वारले. गोव्यातल्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये पायाखालच्या फरशीवरच पूर्वजांची नावं कोरलेली असतात. प्रार्थनेला येणारा माणूस आपल्याच माणसांवरून चालत जातो. या अमेरिकनांना तसं अंगण कुठेच लाभलं नाही. एक मुंबईत, एक वाटेवरच्या शेतात, एक सीनेकाठच्या नगरात, एक महाबळेश्वरच्या धुक्यात.

नगरची कबर म्हटलं की माझ्या मनात येतात त्या सिंथिया फरार. न्यू हॅम्पशायरच्या मार्लबरो गावात १७९५ साली जन्मलेल्या, पुढे शाळामास्तरीण झालेल्या. मुंबईच्या मुलींच्या शाळांवर देखरेख करायला बाई हवी म्हणून बोर्डाने विचारलं तेव्हा त्या बत्तिसाव्या वर्षी निघाल्या आणि डिसेंबर १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या. लग्न न झालेल्या बाईला इतक्या दूर एकटीला पाठवावं का, यावर बोर्डातल्या मंडळींचं एकमत नव्हतं. विधवा किंवा मिशनऱ्याची बायको असती तर प्रश्न नव्हता. फरारबाईंना हिंदुस्थानातल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन मिशनरी म्हणतात ते बरोबर आहे, पण त्यामुळे त्यांचं काम झाकलं जातं.

काम काय होतं? शाळेत मुलगी येणं हाच पहिला डोंगर. मग ती टिकणं. आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न. सासर लांब असलं की पट एका नावाने कमी. शिकवायला बाया मिळत नसत, म्हणून पुरुष पंतोजी. पंतोजी आहे म्हणून वरच्या जातीतले लोक मुली पाठवत नसत. या घोळातून वाट काढत बाई मुंबईत आणि १८३९ नंतर नगरमध्ये शाळा चालवत राहिल्या. अमेरिकेला एकदाच जाऊन आल्या. २५ जानेवारी १८६२ रोजी त्या नगरला वारल्या आणि तिथल्याच मातीत त्यांना ठेवलं. चौतीस वर्षं. हॅरिएट न्यूएलच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या; फरारबाईंचं चरित्र त्या काळात कुणी लिहिलं नाही. एक मेली म्हणून प्रसिद्ध, एक जगली म्हणून अज्ञात.

अज्ञात म्हणावं तर एका ठिकाणी त्यांची नोंद पक्की आहे, आणि ती जोतीराव फुल्यांच्या तोंडून. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात सप्टेंबर १८५३ ला आलेल्या मजकुरात जोतीरावांनी सांगितलं आहे की मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर नगरला गेलो असताना फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, ती व्यवस्था मनात भरली आणि पुण्यात मुलींची शाळा काढावी असं ठरलं. १८४८ ची पुण्याची शाळा आणि सीनेकाठची ही शाळा यांतला धागा इतका सरळ आहे. कुणाला यावरून फुल्यांचं श्रेय कमी होतंय असं वाटेल. मला तसं वाटत नाही. नगरची शाळा पाहून परत गेलेले लोक शेकडो असतील. पुण्यात येऊन शेणाचे गोळे झेलत शाळा चालवणारे जोतीराव आणि सावित्रीबाई हे दोघेच.

‘ज्ञानोदय’ हेन्री बॅलंटाइन यांनी जून १८४२ मध्ये नगरमधून सुरू केलं; ते आजही निघतं. बॅलंटाइन १८६५ मध्ये मायदेशी परतताना समुद्रातच गेले. ‘ज्ञानोदय’चे संपादक रॉबर्ट विल्सन ह्यूम हेही १८५४ मध्ये परतीच्या वाटेवर केप ऑफ गुड होपजवळ जहाजावर वारले. मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८७४ मध्ये नगरला परत आला आणि त्याने दोन दुष्काळ पाहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या मदतकार्याबद्दल सरकारने त्याला कैसर-ए-हिंद पदक दिलं. नेवासे तालुक्यात वडाळ्याला राहणारे सॅम्युएल फेअरबँक धर्मप्रचाराच्या फेऱ्यांत पक्षी टिपत हिंडले आणि दख्खनच्या पक्ष्यांच्या याद्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात छापून आणल्या. सूर्यसिद्धान्ताचं इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये प्रसिद्ध करणारे एबेनेझर बर्जेस हेही नगर-साताऱ्यातले याच मिशनचे. आणि जॉर्ज बोवेन : १८४८ मध्ये मुंबईत आले, मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत खोली घेऊन राहिले, हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांशी १८५७ मध्ये चौपाटीवर झालेल्या वादाचं पुस्तक काढलं, आणि चाळीस वर्षांत एकदाही अमेरिकेला न जाता १८८८ मध्ये मुंबईतच वारले. चौपाटीवर समोरासमोर बसून हमरीतुमरी करणाऱ्या प्रतिपक्षाचं म्हणणंही त्यांनी छापलं, हे मला त्यांच्या त्यागापेक्षा मोठं वाटतं.

हळूहळू सत्ता आपल्या माणसांकडे सरकली. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक १८५४ मध्ये पाळक झाले. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. वीणा, चिपळ्या, पूर्वरंग-उत्तररंग सगळं तेच, आख्यान येशूचं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये या मिशनच्या मंडळीत आले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचं काम त्यांच्याकडे होतं. १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. ख्रिस्ती पाळकाने चिता मागावी यावर मंडळीत कुजबुज झाली असेल तर नवल नाही. खिदिरपूरच्या घरातून ख्रिस्ती झालेले बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वाट्याला १८७३ मध्ये याच्या उलट आलं होतं. त्यांना दफन हवं होतं आणि कोणत्या पंथाच्या जमिनीत पुरायचं यावर वाद झाल्याने त्यांचा देह तसाच पडून राहिला.

विसाव्या शतकातलं मिशन हे वेगळ्या लेखाचं प्रकरण आहे. ज्युलिया बिसेल यांनी नगरमध्ये स्त्रियांसाठी उभं केलेलं रुग्णालय पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेलं. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताची एकत्रित मंडळी स्थापन झाली आणि जुन्या मिशनच्या मंडळ्या तीत गेल्या. शहराचं नावही आता अहिल्यानगर आहे. बोर्डाची कागदपत्रं, म्हणजे हॉल यांचे अर्ज, ग्रेव्ह्ज यांची पत्रं, फरारबाईंनी शाळांबद्दल बोस्टनला पाठवलेले अहवाल, हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. नगरच्या मुलींच्या शिक्षणावर प्रबंध लिहायला बसलेल्या मराठी संशोधकाला त्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला जावं लागतं.